उसना दम

मुरबाड, आषाढ

प्रिय सोन्या,



तू पाठवलेले फोटो काल रात्री पाहिले. दिवसभर आवणीची माणसं होती, त्यांचं जेवणखाण उरकेपर्यंत फोन हातात घ्यायला सवड झाली नाही. चष्मा पुसून बघितलं, तर काळ्या फरश्यांचं भुयार, दोन्ही अंगांना भिंती, कोपऱ्याकोपऱ्यात पेट्या आणि मधे बोटाएवढी रंगवलेली माणसं. खाली तू लिहिलेलं मी नंतर वाचलं. त्याआधीच तोंडातून निघून गेलं, अरे, हा तर आपला किल्ला!

मग तुझा प्रश्न वाचला. 'मावशी, आपले नियम नक्की काय होते? इथल्या मित्रांना ते लावून खेळायचंय. मला बहुतेक आठवतात, पण दोन कुठले तरी निसटलेत.' हे फोनवर सांगून झालं असतं. पण कागदावर लिहायला बसले आहे, त्याचं कारण पुढे येईलच.

तुझा खेळ मी दोनदा वाचून समजून घेतला. मला कळला तो असा. ब्लड बोल हा अमेरिकन फुटबॉलच्या धर्तीवरचा, चेंडू घेऊन पलीकडच्या रेषेपार जायचा खेळ, पण चौकोनांच्या पटावरचा. एकेका बाजूला अकरा खेळाडू, आणि ते माणसांसारखी माणसं नव्हेत, कुणी बुटके, कुणी राक्षस, कुणी उंदरासारखे. जर्विस जॉन्सन यांनी १९८०च्या दशकात तो रचला आणि गेम्स वर्कशॉपने काढला, म्हणजे तुझ्याच नॉटिंगहॅममध्ये मुख्य ठाणं असलेल्या कंपनीने. १९८९मध्ये त्यातूनच डंजन बोल निघाला. उघडं मैदान गेलं आणि भुयार आलं. सहा पेट्या, एकीत चेंडू, बाकीच्या उघडल्या की स्फोट. जादूच्या चौकटीवर पाय पडला की फासा सांगेल तिथे बाहेर. रेषा जो पहिल्यांदा पार करेल तो जिंकला. आणि मला सगळ्यात आवडलेला नियम म्हणजे आपला गडी पडला की पाळी तिथेच संपली, बाकीच्यांनी कितीही मोठे बेत केलेले असोत. म्हणजे दर हालचालीला विचार करायचा, आता थांबू की आणखी एक पाऊल टाकू. आपल्या खेळाचाही जीव तिथेच होता, नाही का?

तुझ्या मित्रांना आधी किल्ला सांगायला हवा, नाहीतर नियमांना अर्थ राहणार नाही. दिवाळीत महाराष्ट्रातली पोरं दारात मातीचा किल्ला करतात, हे त्यांना ठाऊक असणार नाही. दगडविटा रचायच्या, वर चिखलात बुडवलेलं गोणपाट टाकायचं, त्यावर माती लिंपायची, अळीव पेरायचे, म्हणजे लक्ष्मीपूजनापर्यंत तटाखाली हिरवळ येते. मग बाजारातून मावळे आणायचे. तुझे मित्र जसे आठवडाभर खपून एकेक खेळाडू रंगवतात, तसा आपल्याकडे मावळ्याचा फेटा दरवर्षी नव्याने रंगायचा.

तू आणि ताई शहापूरचे. सहामाही परीक्षा संपली की किन्हवली-सरळगाव मार्गे एसटीने आजोळी यायचात आणि पिशव्या ओटीवर टाकायच्या आधी भांडण सुरू. तुला माहुली करायचा. आसनगाव स्टेशनात उतरलं की समोर दिसणारे ते सुळके, १६३६मध्ये शहाजीराजांना वेढा पडला तो. हे तू आठव्या-नवव्या वर्षी असं सांगायचास, जणू वेढ्यात तूही होतास. दादा आणि छोटी मुरबाडचे, त्यांना गोरखगड हवा. शेवटी आजोबा म्हणाले, अंगण काय कमी आहे? दोन्ही करा. अंगणाच्या एका टोकाला माहुली झाला, दुसऱ्या टोकाला गोरखगड. मधे भुयार खणायची कल्पना दादाची. शेतातली चिकणमाती आणून त्याने कौलांची बोगद्यासारखी रांग बसवली, वर माती ओढली.

खेळ निघाला तो किल्ला मोडायचा नव्हता म्हणून. भाऊबीज झाली की अंगण मोकळं करायचं असा घरचा रिवाज, भाताच्या पेंढ्याला जागा लागायची. तू म्हणालास, किल्ला चालू असला तर कसा मोडणार? चालू म्हणजे काय, असं मामाने विचारलं. तू दोन मावळे समोरासमोर उभे केलेस आणि म्हणालास, कबड्डी चालू आहे.

आता नियम. जसे आठवतील तसे लिहिते.

पट आजीचा. तुम्ही सारवलेल्या अंगणात खिळ्याने चौकोन आखायला लागलात आणि ती धावून आली. सारवण उकरायचं नाही. मग तिनेच रांगोळीचा डबा आणला आणि ठिपके घातले, दोन किल्ल्यांच्या मधे, थेट भुयाराच्या आतपर्यंत. मावळ्याने ठिपक्यावर उभं राहायचं, ठिपक्यावरून ठिपक्यावर सरकायचं. रोज सकाळी ठिपके पुसट झाले की ती नव्याने घालायची आणि घालताना एखादा इकडचा तिकडे व्हायचाच. कालचा जवळचा रस्ता आज लांबचा. त्यावर तक्रार करायची नाही, हा पहिला नियम.

संघ सात-सातांचे. मावळे पुरले नाहीत तेव्हा म्हशाच्या जत्रेत घेतलेला लाकडी बैल गोरखगडाकडून खेळला. तुमच्या डंजन बोलमध्येही एकाच संघात वेगवेगळ्या जातकुळीचे खेळाडू असतात ना? मग बैलाचं स्पष्टीकरण तुला द्यावं लागणार नाही.

चढाई एका दमाची. चढाई करणाऱ्याने 'कबड्डी कबड्डी' सुरू करायचं आणि त्याच दमात चार कवड्या टाकायच्या. उताण्या पडतील तितके ठिपके पुढे, चारही पालथ्या पडल्या तर आठ. पुन्हा कवड्या, पुन्हा चाल. दम आहे तोवर कितीही वेळा. समोरच्या मावळ्याला लागून असलेल्या ठिपक्यावर पोचलं की तो बाद, पण त्याच दमात आपल्या रेषेत परत यायला हवं. परक्या अंगणात दम तुटला की आपला मावळा गेला. तू गाल फुगवून, डोळे वटारून शेवटच्या तीन ठिपक्यांसाठी कवड्या फेकायचास, ते मला अजून दिसतं.

आकडा आजी सांगेल तो. चढाई करणाऱ्याचं तोंड गुंतलेलं, तो आकडा बोलणार कसा? म्हणून आजी पाटावर बसून ओरडायची, 'तीन! एक! आठ!' तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. पुढेपुढे ती कवड्या बोटांनी चाचपून आकडा सांगायला लागली. दादा कुरकुरायचा की छोटीच्या पाळीला आजीच्या बोटांना जरा जास्तच उताण्या लागतात. आजोबांनी निकाल दिला, आजीने सांगितला तोच आकडा. आजी गेल्यावरही आपल्या घरी कुठलाही पट मांडला की कुणीतरी आकडा मोठ्याने ओरडतंच. आता कुणाच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. तरी ओरडतो.

मोडक्या मावळ्याचा नियम तुला आठवत असेल. हात तुटलेल्याने पकड करायची नाही, पण त्याला बादही करायचं नाही. तो अमर. हा शब्द आजोबांनी दिला. जुन्या हुतूतूत तीन प्रकार होते. संजीवनीत समोरचा एक बाद झाला की आपला एक उठायचा. गामिनीत बाद झालेला सगळा संघ संपेपर्यंत बाहेरच. अमरमध्ये बाद झालेलाही मैदानात राहायचा, समोरच्याला नुसता गुण मिळायचा. आज दूरदर्शनवर दिसते ती कबड्डी संजीवनीच्या अंगाने गेलेली. खेळ एकच, पण गावागावाला वाटलं तशी त्याची घडी बसली होती. पुढे नियम छापले गेले, १९३६ला अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनला तो खेळून दाखवला, १९९०मध्ये बीजिंगच्या आशियाई खेळांत त्याला पदक लागलं. छापील नियमांशिवाय हे झालं नसतं, हे मी मानते. आजोबा मात्र बुद्धिबळही शेवटपर्यंत देशी पद्धतीने खेळले, प्याद्याला पहिल्या खेपेलाही एकच घर आणि राजाला डावात एकदा घोड्याची उडी. समोर बसणाऱ्याला आधी विचारायचे, तुमच्याकडे कसं खेळतात? मग दोघं ठरवायचे.

तू विसरलेल्या दोनांपैकी पहिला नियम विजेचा. तेव्हा भारनियमनाने गावं रात्र रात्र अंधारात असायची. वीज गेली की पटावरचा हात जागच्या जागी थांबवायचा. मग भुयाराच्या तोंडाशी एक पणती ठेवायची आणि तिचा उजेड जेवढ्या ठिपक्यांवर पडेल तेवढाच पट. उजेडाबाहेरचा मावळा कुणाला दिसत नाही, म्हणून त्याला कुणी बाद करू शकत नाही, पण त्यालाही हलता येत नाही. पणती पाळीपाळीने एक वीत सरकवायची. त्या अंधारात तुम्ही चौघं कुजबुजत 'कबड्डी कबड्डी' म्हणायचात. तुझ्या फोटोतलं भुयार सुंदर आहे, फरशीची एकेक भेग रंगवलेली आहे. पण एकदा खोलीतला दिवा घालवून, मेणबत्ती ठेवून खेळून बघ.

दुसऱ्या नियमाकडे यायच्या आधी मला नाणेघाटाचं सांगायचं आहे.

एका वर्षी थंडीत मामा तुम्हा चौघांना घेऊन वैशाखऱ्याकडून नाणेघाट चढला होता. मीही होते. वर गुहेच्या भिंतीवर ब्राह्मीतला लेख आहे, सातवाहनांची राणी नागनिका हिचा. कोणते यज्ञ केले, किती गाई दिल्या, किती घोडे, किती नाणी, सगळं आकड्यांसकट. आपल्या देशात आकडे लिहिल्याच्या फार जुन्या खुणांपैकी ती एक आहे. जुन्नरहून कल्याण-सोपाऱ्याकडे जाणारा माल या वाटेने उतरायचा, जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण अजून तिथे आहे. मामा तुम्हाला भिंत दाखवत होता आणि तू खाली बघत होतास. दगडात ओळीने कोरलेले छोटे वाटीएवढे खळगे. पलीकडे रेघा आखलेला चौकोन. तू म्हणालास, मावशी, इथे कुणीतरी खेळत होतं.

खरंच खेळत होतं. संशोधकांनी तिथले असे कितीतरी पट नोंदवले आहेत. बैल दमलेले, पाऊस थांबत नाही, जकातीची रांग संपत नाही, अशा वेळी तिथे कुणी कुणी बसलं असेल. तुम्ही चौघांनी खळग्यांत खडे टाकले आणि लगेच अडलात. पुढे काय? किती खडे घ्यायचे, कुठे थांबायचं, जिंकला कोण? खळग्यांचे खेळ आफ्रिकेपासून तमिळनाडूपर्यंत खेळतात, त्यावरून अंदाज बांधता येतो. पण त्या घाटात, त्या दोघांमध्ये काय ठरलं होतं, ते त्या दोघांबरोबर गेलं. दानाचा हिशेब भिंतीवर राहिला, पट जमिनीवर राहिला, खेळ गेला.

म्हणून मी हे कागदावर लिहिते आहे, सोन्या. आपला पट तर रांगोळीचा होता, तो दुसऱ्या दिवशीही टिकत नव्हता.

आता दुसरा नियम. तो तुला आठवत नाही, यात तुझा दोष नाही. तो मी मोडला.

छोटीला दमा होता. दिवाळी म्हणजे भाताच्या झोडणीचे दिवस, हवेत पेंढ्याचा भुसा. तीनदा 'कबड्डी' म्हटलं की तिला खोकला यायचा. पहिल्या वर्षी ती नुसती मावळे उचलून ठेवायचं काम करायची, कच्चं लिंबू. मग एका संध्याकाळी तिच्या बैलाला चढाई मिळाली आणि ती तुमच्या तोंडाकडे बघत बसली. तेव्हा तू उठलास. तू माहुलीचा, तिच्या विरुद्ध संघातला. तिच्या मागे जाऊन उभा राहिलास, खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, 'तू कवड्या टाक. दम माझा घे.' आणि सुरू केलंस. तिने कवड्या टाकल्या, आजीने आकडा ओरडला, बैल निघाला. तुझा चेहरा लालबुंद झाला होता. तुझ्या दमावर तिने तुझाच मावळा बाद केला आणि बैल परत आणला. रेषेत आल्यावर तू श्वास सोडलास आणि मटकन खाली बसलास. तू नऊ वर्षांचा होतास.

त्याला आजोबांनी नाव दिलं, उसना दम. ज्याला दम पुरत नाही त्याने कुणाचाही घ्यावा, आपल्या संघातला असो की समोरचा. देणाऱ्याचा हात खांद्यावर आहे तोवर चढाई चालू. आणि देणाऱ्याने मुद्दाम दम तोडायचा नाही. हे शेवटचं कुणी बोलून ठरवलं नव्हतं, तरी सगळ्यांनी पाळलं.

तीन दिवाळ्या असं चाललं. चौथ्या वर्षी मी कबड्डीची पंच परीक्षा पास झाले होते. शाळांच्या सामन्यांत शिट्टी माझ्या गळ्यात असायची, नियमावली पाठ होती. भाऊबीजेच्या दिवशी संध्याकाळी तुमचा सामना रंगात होता, माहुलीचे चार उरलेले, गोरखगडाचे तीन. छोटीची पाळी आली, तू उठून तिच्या मागे जाऊ लागलास आणि मी म्हणाले, 'असं नाही चालत. ज्याची चढाई त्याचा दम. खेळ सगळ्यांना सारखा हवा.'

छोटीने माझ्याकडे पाहिलं. मग तिने स्वतःच सुरू केलं. बैल भुयारात शिरेपर्यंत तिचा दम पुरला, पुढे खोकला. ती रडली नाही, भांडली नाही. बैल होता तिथेच ठेवून माजघरात गेली. आजीने कवड्या मुठीत घेतल्या, पाटावरून उठली आणि तिच्या मागोमाग आत गेली. ती मला एक शब्दही बोलली नाही. आकडा सांगायला कुणी उरलं नाही, सामना थांबला. दुसऱ्या दिवशी तुम्ही शहापूरला गेलात, अंगणात पेंढा आला. पुढच्या वर्षी तुझे क्लास सुरू झाले, त्यापुढच्या वर्षी आजी नव्हती.

सारखं म्हणजे काय, हे मी त्या दिवशी चुकीचं समजले होते. मैदानावर सगळ्यांना एक रेषा, एक शिट्टी लागते, कारण तिथे खेळणारे एकमेकांना ओळखत नसतात. अंगणात आपण ओळखत होतो. कुणाचे डोळे गेलेत, कुणाला दम पुरत नाही, कुणाकडे सात मावळे नाहीत, हे माहीत असूनच तुम्ही एकेक नियम केला होता. मी त्या खेळात परका माणूस झाले. तुझ्या मित्रांना नियम देशील तेव्हा तो कुणासाठी झाला तेही सांग. आणि तुमच्या टेबलाभोवती कोण बसतं ते बघून तुमचेही करा.

गेल्या रविवारी छोटी आली होती, तेव्हा तिच्याशी हे सगळं मी पहिल्यांदा बोलले. ती म्हणाली, 'आत्या, मला तो दिवस आठवतो. पण त्याहून जास्त सोन्यादादाचा हात आठवतो. घामेजलेला असायचा.' मग विचारलं, 'बैल कुठाय?'

बैल आहे. एक शिंग गेलंय. मावळ्यांपैकी नऊ उरलेत, पैकी दोन अमर. आणि माझी त्या वेळची गुणांची वही आहे, पंच होते ना, सगळं लिहून ठेवायची सवय. भाऊबीजेचं पान मी काल काढलं. कोणता मावळा कोणत्या ठिपक्यावर, सगळं आहे. बैल भुयारात, तोंडापासून तिसऱ्या ठिपक्यावर. खाली मी लिहिलं होतं, 'दम तुटला, बाद.' ते खोडलं. चढाई चालू आहे.

येत्या रविवारी छोटी पुन्हा येणार आहे. तुझे दुपारचे दोन म्हणजे आमचे साडेसहा. पावसामुळे अंगणात जमणार नाही, ओटीवर ठिपके घालते. जे मावळे हरवले त्यांच्या जागी चिंचोके. कवड्या आजीच्याच. व्हिडिओ कॉल लाव. तुझा आवाज जरा मागून येईल, पण तो तिथून निघाला तेव्हापासून धरायचा, आणि हाताऐवजी फोन छोटीच्या खांद्यापाशी मी धरायचा, हे दोन नियम मी आत्ताच केले आहेत. तुला मान्य आहेत ना, कळव.

आठवडाभर जिना चढउतार कर. बैलाला परत यायला लांबचा पल्ला आहे.

तुझी,
मावशी